कचऱ्यातली गोड बातमी

त्या घरातला कचरा सासूबाईंच्या तपासणीशिवाय उंबरा ओलांडत नसे. त्यांचं म्हणणं, सुनेचा हात सैल. निम्मा साबण, धड झाकण, चांगली सुतळी, काय वाटेल ते टाकते. म्हणून सून कामावर गेली की दुपारी बादली जुन्या वर्तमानपत्रावर उपडी व्हायची आणि त्यातून संसार वाचवला जायचा. सुनेच्या बातम्या मिळायच्या, ती वरकमाई.

मंगळवारी त्या बादलीत प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी सापडली.

पट्टी सुनेने सकाळीच वापरली होती. ती फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायची. वर्षानुवर्षं काचकागद घासून झाल्यावर बुधवारपासून स्प्रेची खोली तिच्या ताब्यात येणार होती. पण पाळी लांबली होती, आणि थिनरच्या वासात दिवसभर उभं राहायचं तर आधी खात्री करून घ्यावी, एवढं तिला कळत होतं. बाथरूमच्या खिडकीत पट्टी ठेवून ती पाच मिनिटं दात घासत राहिली. एकच रेघ. तिला हायसं वाटलं, पट्टी कचऱ्याच्या बादलीत गेली, आणि जे झालंच नाही ते कुणाला कशाला सांगायचं म्हणून ती गप्प बसली.

दुपारपर्यंत पट्टी वाळली. वाळल्यावर तिच्यावर कधीकधी एक फिकी, राखाडी रेघ उमटते. म्हणून तर ठरलेल्या वेळेनंतर पाहू नका असं पाकिटावर छापलेलं असतं. सासूबाईंनी पाकीट वाचलं नव्हतं. दोन रेघा म्हणजे नातवंड, इतकं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पट्टी हातरुमालात गुंडाळली आणि मुलाला फोन केला. मुलाने बायकोला विचारायच्या भानगडीत न पडता थेट तिच्या मालकाला कळवलं.

बुधवारी ती कामावर पोचली, तर मालकाने अभिनंदन करून पॅकिंगच्या टेबलाशी खुर्ची पुढे केली. खुर्चीवर उशीसुद्धा होती. स्प्रेची खोली त्याने कालच दुसऱ्या कारागिराला सांगून टाकली होती. तिने असं काही नाही म्हणून बजावलं, तर तो समजूतदार हसला. सुरुवातीला सगळ्याच लपवतात, म्हणाला. मिस्टरांनी स्वतः सांगितलंय. पॅकिंगच्या बायकांनी तिच्या पोटाकडे बघून घेतलं. ती दिवसभर खोकी चिकटवत राहिली, आणि उशी तिने टेबलाखाली लाथेने सारली.

घरी जाताना तिने औषधाच्या दुकानातून नवं पाकीट घेतलं. सासूबाई तिच्या हातातली पिशवी काढून घ्यायला धावल्या. तिने पिशवी दिली नाही. सासूबाई आणि नवरा, दोघांच्या देखत पाकीट फाडलं, नळाखाली वाटी धरली आणि पाण्याचे थेंब पट्टीवर सोडले. एक रेघ आली. मग पट्टी टेबलावर ठेवून ती स्वयंपाकाला लागली. काय चाललंय असं नवऱ्याने दोनदा विचारलं. जेवणं होऊ देत, म्हणाली.

जेवणं होईपर्यंत पट्टी वाळली होती. अंधुक का होईना, दुसरी रेघ होती.

"अभिनंदन, आई," ती म्हणाली. "आपल्या नळाला दिवस गेलेत."

सासूबाईंनी चष्मा लावून पट्टी पाहिली, पुसून पुन्हा पाहिली, आणि पाण्यातच काहीतरी असेल असं पुटपुटल्या. नवऱ्याला हसू आलं. तिथे तो फसला.

"हसतोस काय? माझी बातमी माझ्या मालकाला दिलीस, आणि मला नाही."

"अगं, काळजीपोटीच ना."

"काळजी होती तर मला फोन लावायचास. नंबर आहे ना माझा?"

उद्या मालकांना फोन करतो, म्हणाला. तिने ते साफ धुडकावलं. बातमी चारचौघांत फिरली, आता चारचौघांतच परत घ्यायची. सासूबाईंनी आपलं दुखणं आठवून बघितलं, त्याने ऑफिसचं काम पुढे केलं. ती बधली नाही.

सकाळी तो पॅकिंगच्या टेबलांमधून मान खाली घालून चालला आणि सगळ्यांच्या देखत, घसा खाकरत, आपलीच चूक झाली म्हणाला. मालकाने ऐकून घेतलं. त्या कारागिराकडून स्प्रेच्या खोलीची किल्ली मागवली, तळहातावर घेतली, पण पुढे केली नाही. आज नाही, पण पुढेमागे मूल होणारच की, असं म्हणून तो नवऱ्याकडे वळला.

"तुम्ही सांगा. देऊ का यांना?"

आणि नवरा विचार करू लागला. खरोखरच, कपाळाला आठी घालून.

रात्रभर तिला आलेला राग या दोन क्षणांपुढे काहीच नव्हता. तिने मालकाच्या तळहातावरून किल्ली उचलली.

"त्याला काय विचारता? स्प्रेगन मी धरणार आहे. पुढचं पुढे, आणि तेव्हाही मीच सांगेन."

खोली उघडून तिने मास्क चढवला आणि कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. दारात उभा राहून नवरा काहीतरी बोलत होता. ओठ हलताना दिसत होते. तिने पायाने दार लोटलं.