साडेतीन मिनिटं

"काका, या म्हातारीला पळता येतं, की नुसतं खोकता येतं?"

हा प्रश्न विचारायची पैज माझ्यावर लागली होती. लावणाऱ्या दोघी गॅरेजच्या फाटकाशी सायकली धरून उभ्या होत्या. एक रेडिओ, कारण तिचं तोंड बंद होत नाही. दुसरी मोजपट्टी, कारण ती वर्गात सगळ्यांत उंच आहे आणि बारीकही. मला त्या भोंगा म्हणतात. वर्षभरापूर्वी मी हजेरी देतानासुद्धा पुटपुटायचे. मग वक्तृत्व स्पर्धेला कुणीच उभं राहीना म्हणून बाईंनी मला ढकललं, मी पहिली आले, आणि तेव्हापासून कुणालाही काहीही विचारायला आपण मोकळ्या आहोत अशी माझी ठाम समजूत झाली होती.

म्हातारी म्हणजे दातवाल्या काकांची गाडी. काका दातांचे डॉक्टर, आणि बाबांचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. गाडी लाल, दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसताना आधी डोकं घालावं की पाय, याचा विचार करावा लागतो. वय बत्तीस वर्षं. तिचा टर्बो बाबांनी नुकताच पूर्ण खोलून नव्याने बसवला होता. टर्बो म्हणजे गोगलगायीच्या आकाराचा एक पंखा. इंजिनाच्या धुरावर फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. फिरतो म्हणजे किती, तर मिनिटाला लाखभर वेळा. त्याच्या बारीकशा दांड्यावर बाबा तीन आठवडे वाकून बसले होते. जेवायला आले तरी बोटं तशीच चिमटीत असल्यासारखी.

माझ्या प्रश्नाने बाबांचा चेहरा पडला. काका मात्र खो खो हसले. म्हणाले, बस आत, तूच सांग.

त्यांची मुलगी, आमची ताई, त्याच दिवशी तिची गाडी घेऊन आली होती. त्याच कंपनीची, तेच मॉडेल, फक्त तीस वर्षांनंतरचं. म्हणजे एकाच घरातल्या आजी-नात म्हणा ना. दोघींतून मला पाण्याच्या टाकीमागच्या चढावर एकेक फेरी मिळाली. म्हातारीत काकांनी पाय दाबला आणि काहीच झालं नाही. "मोज," ते म्हणाले. मी एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि मागून कुणीतरी झोपाळ्याला जोरात धक्का द्यावा तशी मी सीटमध्ये रुतले. किंचाळले. काका पुढे बघत गालात हसत होते. ताईच्या गाडीत मोजायला वेळच नव्हता. तिने पाय ठेवला आणि आम्ही वरही पोचलो. इतकं गुळगुळीत की मी मध्येच फोन बघून घेतला. माझा निकाल असा होता की पळण्यात नवी जिंकली, पण किंचाळले मी जुनीत.

परत आल्यावर बाबा त्या दोघांना आत घेऊन गेले. बाबांची पद्धतच आहे ती. काम झालं की काढलेले झिजलेले भाग फडक्यावर मांडून गिऱ्हाइकाला दाखवायचे, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहू नये. जाताना मला म्हणाले, "साहेब, तीन मिनिटं तशीच चालू ठेव. मग बंद कर."

आमच्या गॅरेजमध्ये हा नियम मला दुधाचे दात पडायच्या आधीपासून माहीत आहे. जुनी टर्बो गाडी दामटून आणली की लगेच बंद करायची नाही. टर्बो तापून लाल झालेला असतो आणि त्याला गार करतं ते फक्त इंजिनातून फिरणारं तेल. इंजिन बंद, तेल बंद, मग उरलेलं तेल तिथेच करपतं. ताईच्या गाडीला हे लाड नाहीत. तिने बंद करून चावी खिशात घातली तरी बॉनेटखाली एक छोटा पंप आपला आपण घुरघुरत राहिला. मालक विसरला तरी ती गाडी विसरत नाही. म्हातारीला मात्र जवळ कुणीतरी थांबणारं लागतं. त्या दिवशी ती मी होते.

बाबा आत गेल्यावर दोघी पळत आल्या. रेडिओचं म्हणणं, प्रश्न विचारलास, ठीक आहे, पण पुरावा कुठाय? जुनी खरंच खोकते हे रेकॉर्ड झालं पाहिजे, शेजारी नवीचं घुरघुरणं. खोकला येतो चालू होताना, म्हणजे आधी बंद करायला हवी. चावी गाडीतच होती. मी एकदा आत बघितलं, बाबा पाठमोरे होते, आणि मी चावी फिरवली.

मग चालू केली, रेस दिली, बंद केली. मोजपट्टी हसली म्हणून परत. बाहेरून ट्रक गेला म्हणून परत. अगदी पहिली धरून बंद केली एकूण चारदा. शेवटच्या वेळी बॉनेटमधून गरम, करपट वास आला आणि मला तो वास शूर वाटला. सोमवारी अख्ख्या वर्गाने ते रेकॉर्डिंग ऐकलं. मी मधल्या सुट्टीत बाकावर उभी राहून आजी आणि नातीची नक्कल केली. टाळ्या पडल्या.

शुक्रवारी काका परत आले. गाडीच्या मागून निळा धूर येत होता.

शनिवारी अर्धा दिवस शाळा असते. मी घरी आले तेव्हा बाबांनी टर्बो टेबलावर उघडला होता. दांडा जागच्या जागी घट्ट बसला होता, आणि भोवती तव्यावर जळून चिकटावा तसा काळा कडक थर. बाबांनी मान वर केली नाही. नुसतं विचारलं, "त्या दिवशी तीन मिनिटं ठेवली होतीस ना?"

मी म्हटलं, "हो. साडेतीन."

नुसतं हो म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, एवढंच. पण वरचं अर्धं मिनिट मी शोभेसाठी लावलं. स्टेजवर लावतात तसं. आजही ते आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

बाबांनी परत विचारलं नाही. डोळे बारीक केले असते, तारीख-वेळ विचारली असती, तर मी तिथेच कोसळले असते. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि सरळ स्वतःकडे वळले. मुलीने साडेतीन मिनिटं ठेवली होती, तरी तेल करपलं. म्हणजे तेल पोचलंच नाही. म्हणजे तेलाची नळी साफ करताना आपल्याकडूनच काहीतरी राहिलं. त्यांनी ती बोटभर नळी काढली, पलीकडून फुंकली, खिडकीकडे धरून आत पाहिलं. स्वच्छ होती. पुन्हा धुतली, पुन्हा फुंकली, पुन्हा पाहिलं. मी दारात दप्तर धरून उभी होते. त्यांनी ती किती वेळा फुंकली मला माहीत नाही. मी सातनंतर मोजणं सोडलं.

त्यांनी काकांना माझ्यासमोर फोन केला. "नळी माझ्याकडून राहिली," ते म्हणाले. काकांनी पलीकडून काहीतरी समजुतीचं म्हटलं असावं, कारण बाबा कसनुसं हसले आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तसेच हसत राहिले.

सोमवारी शाळेत मी रेडिओला सांगितलं. ती, आयुष्यात पहिल्यांदाच, आवाज खाली आणून म्हणाली की गप्प बस, कुणाला कळणार आहे? मला तिचा राग आला. मग लक्षात आलं की शनिवारपासून मी स्वतःला शब्दन् शब्द हेच सांगत होते, म्हणून तो रागसुद्धा मला पचला नाही.  मोजपट्टीने फोनमधलं रेकॉर्डिंग माझ्यासमोर पुसलं, आणि मला अजूनच घाण वाटलं, कारण पुसलं गेल्याचं बरंही वाटलं होतं.

मंगळवारी एक माणूस लांबून आला. कुणीतरी बाबांचं नाव सांगितलं म्हणून आधी फोन करून मुद्दाम आला होता, त्याच्याही गाडीचा टर्बो शिट्टी मारत होता. एरवी बाबा अशी गाडी आली की जेवण विसरतात. या वेळी त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. हात पुसत म्हणाले, "दुसरीकडे दाखवा. हे काम आता माझ्याच्याने होत नाही." आई बाजूच्या खोलीत सीटकव्हर शिवत होती. तिची मशीन थांबली.

बुधवारी संध्याकाळी जेवताना आईने तोच विषय काढला. बाबा ताटाकडे बघत म्हणाले की ब्रेक करीन, क्लच करीन, टर्बो बंद. डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत. आई म्हणाली, डोळे मागच्याच महिन्यात तपासलेत, डॉक्टर म्हणाला विशीतल्या पोरासारखे आहेत. "मग हात गेला असेल," बाबा म्हणाले, आणि खरोखरच स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघू लागले.

तो हात मला बघवला नाही. मी सगळं सांगितलं. मागून पुढे, पुढून मागे, अडखळत. पहिलं बक्षीस मिळवलेली मुलगी असं बोलत नाही. पैज, खोकला, ट्रक, मोजपट्टीचं हसणं. नळीत काहीच नव्हतं बाबा, नळी पहिल्यापासून स्वच्छ होती.

बाबांनी घास खाली ठेवला. विचारलं, "किती वेळा?"

"चार."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मला उपकार वाटले असते. ते फक्त म्हणाले, "आणि मी तुला साहेब म्हणतो."

आई माझ्याकडेच बघत होती. "साडेतीन कुठून आणलंस ग?" तिने विचारलं.    बाबा उठू लागले. काकांना फोन करतो म्हणाले, मुलांकडून होतं असं, मी सांगतो त्यांना समजावून.

"नाही," मी म्हटलं. आवाज भोंग्यासारखा मुळीच निघाला नाही. वर्षभरापूर्वीच्या हजेरीसारखा निघाला, पण निघाला. "फोन तुम्ही करायचा नाही. उद्या शाळा सुटली की मी काकांच्या दवाखान्यात जाणार आहे, आणि त्यांना मी सांगणार आहे, चारदा बंद केली ते आणि साडेतीनचंसुद्धा. तिथून आल्यावर कालच्या त्या माणसाला फोन लावणार आहे. तुमच्या हाताला काही झालेलं नाही हे त्यालाही माझ्याच तोंडून कळलं पाहिजे. तुम्ही दोघांनी सोबत यायचं नाही."