पास्कबाईंच्या कुरणातला कचरा

"तुम्हाला आजवर बाटलीच्या झाकणांशिवाय काही सापडलंय का हो?"

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणींचा, इमोजेन आणि झोफियाचा होता, पण विचारायची हिंमत दोघींत मिळून नव्हती, म्हणून पैज माझ्यावर लावली. गेल्या वर्षीची मी असते तर लाल होऊन पळाले असते. पण शाळेतली वादविवाद स्पर्धा जिंकल्यापासून माझ्या तोंडाला चाकं लागलीत, असं आई म्हणते. तर मी गावच्या हॉलचं दार ढकललं, जमिनीत पुरलेल्या जुन्या वस्तू हुडकणाऱ्या मेटल डिटेक्टरवाल्यांच्या बैठकीत घुसले आणि हिरव्या-मातकट कपड्यांतल्या तमाम आजोबांना खणखणीत आवाजात विचारलं.

चहा ढवळणारे चमचे थांबले.

"सापडलंय की," त्यांचे अध्यक्ष मिस्टर थर्लो म्हणाले. मिशीला बिस्किटाचा चुरा लागला होता. "परवाच एक काटाचमचा सापडला. नाव काय तुझं, बदके?"

आमच्या लिंकनशरमध्ये म्हातारी माणसं ज्याला त्याला 'बदका', 'बदके' म्हणतात. त्यात अपमान नसतो.

"टॅमसिन."

"तर टॅमसिन, प्रश्न फक्कड आहे, वेळ तेवढी चुकली. नदीकाठचं पास्कबाईंचं कुरण आमच्या हातून चाललंय. शेकडो वर्षं तिथं मे महिन्याची जत्रा भरायची, लोकांच्या खिशातलं काय काय मातीत पडलेलं. त्याच्याइतकी खाशी जागा आम्हाला आता मिळायची नाही. पण गेल्या आठवड्यात बाईंच्या मेंढीचा पाय पत्र्यानं कापला. त्या म्हणतात, पत्रा आम्हीच उकरून टाकलेला. या रविवारनंतर फाटकाला कुलूप."

"तुम्ही टाकला होता?"

"देव जाणे. आमच्यातल्या कुणी टाकला असेल तर त्याची टोपी मी त्यालाच खायला लावीन." मग माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. "एक यंत्र जादा आहे. येतेस? का नुसतंच तोंड चालतं?"

दाराआड झोफिया फिसकन हसली. मी म्हणाले, "येते."

घरी बाबाला बरोबर चल म्हटलं तर तो म्हणाला, "रविवारी सकाळी मला उठवायचं असेल तर घराला आग लागलेली पाहिजे." शेवटी आई आली आणि विणकाम घेऊन गाडीतच बसली. इमोजेन आणि झोफिया फाटकावर चढून बसल्या, माझी फजिती बघायला.

मिस्टर थर्लोंनी यंत्र माझ्या हातात दिलं. "हे बटण म्हणजे गाळणी. ती इतकी वर ठेवायची. म्हणजे खिळे, चंदेरी कागद, डब्यांच्या कड्या, सगळ्यांची तोंडं बंद. यंत्र बोललं तरच खणायचं."

यंत्र काही बोललं नाही. मी कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. वाऱ्यानं कान गार पडले. एका मेंढीनं माझ्याकडे बघत निवांत रवंथ केला.

"टॅम्स! निदान झाकण तरी?" फाटकावरून इमोजेन ओरडली.

वैतागून मी थांबले. आणि तेव्हा डोक्यात आलं की यंत्र गप्प आहे ते जमिनीत काही नाही म्हणून थोडंच! आपण त्याला गप्प बसवलंय म्हणून गप्प आहे. आणि मेंढीचा पाय कापणारा पत्राही त्या गप्प बसवलेल्यांतच की!

मी गाळणी पार खाली आणली.

कोंबड्यांच्या खुराड्यात कोल्हा शिरावा तसा कालवा झाला. मिस्टर थर्लो धापा टाकत आले.

"अगं, काय केलंस?"

"गाळणी काढली."

"या असल्या मातीत? डोकं फिरलंय का तुझं? बहिरी होशील!"

"पण मला तो पत्राच ऐकायचाय. बाई चिडल्यात त्या कचऱ्यावरून, आणि आपण इथे कचरा ऐकू येऊ नये म्हणून धडपडतोय."

ते मिशी चावत उभे राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि यंत्राच्या खालच्या टोकाची तबकडी काढून छोटी लावली.

"मग नीट ऐक तरी. छोट्या तबकडीखाली एका वेळी कमी कचरा येतो. आता संवेदनशीलता उतरव, नाहीतर खोलवरचा एकूण एक खिळा बोंबलेल. आणि हे बघ, एका आवाजातून सावरून दुसरा ऐकायला यंत्राला जरा वेळ लागतो. तो कमी कर. म्हणजे खिळ्याला चिकटून काही असलं तर ते वेगळं ऐकू येईल. आणि हात हळू! झाडू नाही मारायचा. बाळाला थोपटतात तसं."

कालवा निवळला. खर्रर्र म्हणजे लोखंड. किर्र म्हणजे कागद, नाहीतर कडी. मी काहीच सोडलं नाही. खिळे, तंबूच्या खुंट्या, गंजलेले पत्रे, अर्धी खेळण्यातली मोटार. प्रत्येक खड्डा बुजवायचा, गवताचा तुकडा परत बसवायचा, वर पाय दाबायचा. बादली भरत आली तशी झोफिया फाटकावरून उतरलीच.

"दे इकडे ती कुदळ. पोलंडला आजीकडे मी बटाटे काढलेत. तू उंदरासारखं उकरतेस." तिच्या मागोमाग इमोजेनही आली, आपले पांढरे बूट विसरून.

काम संपलं की प्रत्येकानं आपली पिशवी मालकाच्या ट्रेलरवर रिकामी करायची, ही त्यांची पद्धत. पास्कबाई कुत्रा घेऊन आल्या. आजोबांच्या पिशव्यांतून निघाली कोटाची बटणं, शिशाची एक गोळी, एक घासलेलं तांब्याचं नाणं. कचरा जेमतेम ओंजळभर.

"एवढ्या कुरणात एवढाच?" पास्कबाई म्हणाल्या. "मग माझ्या मेंढीला काय वाऱ्यानं कापलं?"

मी आणि झोफियानं बादली उचलून पालथी केली. धडाड्! कुत्रा ट्रेलरखाली पळाला.

पास्कबाईंनी करवतीसारख्या दात्यांचा एक पत्रा उचलून कितीतरी वेळ बघितला. "असलाच होता," त्या हळूच म्हणाल्या. "या पोरींनी काढले हे?" मग ढिगातून नखाएवढं काहीतरी वेचलं. "आणि हा काही टॉफीचा कागद नाही हं."

मिस्टर थर्लोंनी चष्मा लावला आणि टोपी काढली.

"अर्धी पेनी. चांदीची. जुन्या काळी सुट्टे नसले की नाणंच मधोमध कापायचे." "इतकं पातळ, की किर्रच करणार, कागदासारखं. आम्ही इतकी वर्षं गाळणी लावून यावरून चालतोय!"

"मी पण ते कागद समजूनच बादलीत टाकलं होतं," मी म्हणाले. मागे एकेक आजोबा गुपचूप आपापल्या यंत्राची गाळणी खाली आणत होता.

"नाणं ठेव तुला, कचरा मला," पास्कबाई मला म्हणाल्या आणि मिस्टर थर्लोंकडे वळल्या. "डेस्मंड, फाटक उघडं राहील. पण जे वाजेल ते सगळं निघायला पाहिजे, आणि दर रविवारी ही पोरगी बादली दाखवणार. ती नाही आली तर कुलूप."

मिस्टर थर्लो माझ्याकडे वळले. "क्लबचा नियम आहे, बदके. अठराच्या आतल्यांबरोबर आई किंवा बाप लागतो."

सगळ्यांनी गाडीकडे बघितलं. आईनं काच खाली केली, विणायची सुई उचलली आणि आमच्या घराच्या दिशेनं रोखली.

घरी पोचलो तेव्हा बाबा पायजम्यातच रविवारच्या जेवणाचं मांस कापत होता आणि त्याच्याबरोबर खायचं यॉर्कशर पुडिंग ओव्हनमध्ये पावासारखं फुगत होतं. मी अर्धी पेनी त्याच्या ताटात ठेवली. गुडघ्यांवरच्या चिखलासकट मी खुर्चीशेजारी उभी राहिले, वादविवादाला राहते तशी.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी त्या क्लबात जाणार. दर रविवारी, सकाळी सातला. आईचा नंबर आज झाला, आता तुझा. बाबा, तुझे रबरी बूट मी दाराशी काढून ठेवलेत."