हात मागे

"पैसे?" टाइल्सवाला खो खो हसला. "अहो प्रोफेसर, तुम्हाला कशाला हवेत पैसे? तुम्ही तर हवेतून काढता की!"

हा विनोद प्रोफेसरांनी आजवर किती वेळा ऐकला होता, देव जाणे. गंमत अशी की, करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, हे जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचलं. म्हणून प्रोफेसरही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. आताही हसले.

"तसं नाही, पण निम्मे आधी अशी आमची पद्धत..."

"खेळ तर होऊ द्या! मी काय कुठे पळून जातोय? एवढं शोरूम पाठीवर घालून पळू?"

टाइल्सवाल्याच्या नव्या शोरूमचं उद्घाटन होतं. काचेचं दार, चकचकीत फरशी, गिऱ्हाइकांची पोरंबाळं खुर्च्यांवर चुळबुळत होती. ठरलेले होते आठ हजार. खेळाआधी निम्मे मागायचे आणि मिळाल्याशिवाय पोषाख चढवायचा नाही, हे प्रोफेसर टेम्पोत सगळ्या वाटेने घोकत आले होते. पण समोर माणूस हसला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. ते मान डोलावून आत गेले आणि काळा कोट चढवू लागले.

प्रोफेसर म्हणजे खरेखुरे प्रोफेसर नव्हेत. मॅट्रिकला दोनदा आपटलेला माणूस. पण जादूगाराला प्रोफेसर म्हणायची रीत, त्यामुळे गल्लीतला दूधवालासुद्धा त्यांना प्रोफेसर म्हणायचा. टोपीतून ससा, लिंबातून नोट, बांगडीतून बांगडी, आणि शेवटी ती मोठी लाकडी पेटी, असा त्यांचा संसार. त्या पेटीत बायको शिरायची, गायब व्हायची, आणि परत यायची. चाळीस वर्षं.

पैशाचं खातंही बायकोकडेच. त्याला कारण होतं. प्रोफेसरांच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरा, लोक ज्या हाताला फसवा हात म्हणून टाळ्या देतात ना, त्या हाताने त्यांच्यासमोर पैसे घेऊ नकोस. कमी भरले तर तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" तेव्हापासून पैसे घ्यायची वेळ आली की प्रोफेसर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. बायको पुढे व्हायची. "साहेब, यांचे हात मागे आहेत, बघून घ्या. आता माझ्या हातात द्या." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकेक नोट मोजायची. खणखणीत. देणारा कितीही मोठा असो, त्या आवाजापुढे त्याला एक नोट दाबायची हिंमत होत नसे.

"अगं, जरा हळू मोज. बरं दिसत नाही," प्रोफेसर कुजबुजायचे.

"भीड भिकेची बहीण," ती म्हणायची. "तुम्ही कलाकार आहात ना? मग बसा कला करत. घर मला चालवायचंय."

एकदा तर एका बड्या असामीने उरलेले निम्मे द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा ही बया पेटीत गायब झाली ती परत येईचना. प्रोफेसरांनी कांडी फिरवली, मंत्र म्हटला, पुन्हा म्हटला. आतून आवाज आला, "आधी पैसे!" लोक हसून हसून लोळले. असामीने मुकाट्याने पाकीट काढलं. घरी आल्यावर प्रोफेसर रागावले खरे, पण जेवताना त्यांनाच ठसका लागेपर्यंत हसू आलं.

ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि आठवड्यात संपलं. पेटीचा खेळ प्रोफेसरांनी त्यानंतर केला नव्हता. पण पेटी मात्र ते प्रत्येक खेळाला न्यायचे आणि कोपऱ्यात उभी करायचे. टेम्पोचं भाडं त्या पेटीमुळेच दुप्पट व्हायचं.

नेमकं इथेच लेकीचं आणि त्यांचं वाजलं होतं. लेक बँकेत कॅशियर. आई गेल्यावर ती बापाजवळ राहायला आली आणि सहा महिन्यांत तिने हिशोब ओळखला. एका ठिकाणी तीन हजार बुडाले, दुसऱ्या ठिकाणी जेवणावर बोळवण, तिसऱ्याने शाल पांघरली.

"बाबा, लोक तुम्हाला फुकट नाचवतात आणि तुम्ही नाचता. मला बघवत नाही."

"अगं, चालायचंच."

"नाही चालायचं. त्या नाटकाचं सामान भाड्याने देणाऱ्याशी मी बोललेय. तो पेटी घ्यायला तयार आहे. एक ससा राहील, चार बांगड्या राहतील, करा घरात बसून पोरांची करमणूक."

प्रोफेसरांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला होता. मग म्हणाले, "एक खेळ दे मला. टाइल्सवाल्याचा. पूर्ण पैसे आणले तर पेटी राहील. नाही आणले, तर रविवारी बोलव त्याला."

"शब्द?"

"शब्द."

खेळ मात्र झकास रंगला. लिंबातून नोट निघाली तेव्हा पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. टाळ्या ओसरल्या आणि टाइल्सवाला पाकीट घेऊन आला. प्रोफेसरांचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. क्षणभर ते तसेच उभे राहिले, डाव्या बाजूला किंचित सरकून, बायकोला पुढे यायला जागा करून दिल्यासारखे. कोणीच पुढे आलं नाही. टाइल्सवाला पाकीट धरून अवघडला.

"घ्या की, प्रोफेसर!"

त्यांनी हात पुढे केला आणि पाकीट घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टेम्पोपाशी येऊन उघडतात तो आत पाचशेच्या कोऱ्या करकरीत दहा नोटा. तीन हजार कमी.

ते परत गेले. या वेळी त्यांनी जीभ टाळ्याला चिकटू दिली नाही. "साहेब, पाचच आहेत. आपलं आठ ठरलं होतं."

"मी स्वतः मोजून भरलेत," टाइल्सवाला म्हणाला, आणि मग आजूबाजूच्या पाहुण्यांकडे बघत त्याने डोळा मारला. "तुमच्या हातात गेल्यावर तीन हजार कुठे गायब झाले, ते तुम्हालाच ठाऊक!"

अख्खं शोरूम हसलं. वाईट माणसं नव्हती ती, त्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग. आणि प्रोफेसरांनी काय करावं? समोरून हशा आला की वाकायचं, ही चाळीस वर्षांची सवय. ते छातीवर हात ठेवून वाकले. वाकल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

परतताना टेम्पोत ते पाकीट मांडीवर घेऊन बसले. पेटी मागे खडखडत होती. शोरूममध्ये भांडायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, असं आता सुचत होतं. अपमानापेक्षा रविवारचा विचार जास्त सलत होता. पेटी गेली की बायकोचं उभं राहायचं ठिकाणच घरातून जाणार.

घराच्या अलीकडे त्यांनी सामानातून एक पत्र्याची डबी काढली. लिंबाच्या खेळासाठी ठेवलेल्या पाचशेच्या नोटा तिच्यात असत, खऱ्याच. लिंबात मावाव्यात म्हणून बारीक घड्या घातलेल्या. होत्या तेवढ्या सहाही त्यांनी उलगडल्या, मांडीवर दाबून दाबून सपाट केल्या आणि टाइल्सवाल्याच्या पाकिटात सरकवल्या. साऱ्या जगाला फसवून पोट भरलेला हा माणूस घरच्या माणसाला फसवायला पहिल्यांदाच निघाला होता.

लेक दारातच होती. "मिळाले?"

"मोजून घे," म्हणत त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि बूट सोडायला खाली बसले. एरवी ते बूट उभ्यानेच काढत.

लेक मोजू लागली. दिवसभर नोटाच मोजणारी बोटं ती, भरभर चालली. एक, दोन, तीन. दहा कोऱ्या नोटा सुरकन गेल्या. अकराव्या नोटेवर अंगठा अडखळला. प्रोफेसर नाडीची गाठ सोडायचे थांबले. नोटेवर उभ्या-आडव्या घड्यांची जाळी होती. लहानपणी याच घड्यांच्या नोटा आईने तिला लिंबात भरायला शिकवल्या होत्या. ती त्या विसरेल कशी?

तिने ओळखलं. आणि तिने ओळखलं हे त्यांनाही कळलं. आता ही बोलणार, शब्द होता म्हणणार, आणि तिचं खरंही आहे. त्यांनी मान खाली घातली.

लेकीने ती नोट टेबलावर ठेवली आणि तळहाताने हलकेच सपाट केली. मग पुढची. मग पुढची. सहाही झाल्या.

"सोळा," ती म्हणाली. "बरोबर आहेत."

प्रोफेसरांनी नाडीची गाठ सोडवली.

"पुढचा खेळ कधी आहे?" तिने विचारलं.

"शनिवारी. सोसायटीच्या हॉलमध्ये."

"शनिवारी मला अर्धा दिवस असतो," ती म्हणाली आणि आत चहा टाकायला गेली.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जात होत्या. पेटी कोपऱ्यात उभी होती. सोसायटीचे सेक्रेटरी दोन्ही हात पसरून पुढे आले. "या या, प्रोफेसर! पैशाचं काय, खेळ झाल्यावर बघू. आणि तुम्हाला काय कमी? हवेतून काढता!"

प्रोफेसर हसणार, एवढ्यात बँकेतल्याच साडीत आलेली लेक मध्ये उभी राहिली.

"हवेतले पैसे बँकेत चालत नाहीत, साहेब. मी बँकेतच आहे, रोज बघते." सेक्रेटरी हसले, पण ती हसली नाही. "निम्मे आत्ता. उरलेले शेवटच्या खेळाच्या आधी."

"अहो, पण विश्वास..."

"विश्वास आहे म्हणून तर आलोय." मग मान न वळवताच ती म्हणाली, "बाबा, हात मागे."

प्रोफेसरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बोटं बोटांत अडकवली.

सेक्रेटरींनी खिशात हात घातला. लेकीने नोटा घेतल्या आणि मोजायला सुरुवात केली, "एक... दोन... तीन..." खणखणीत, शेवटच्या रांगेत खुर्ची मांडणाऱ्या माणसाने वर बघावं अशा आवाजात. तोच आवाज. प्रत्येक नोटेनंतर तेच थांबणं.

प्रोफेसरांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून मिशीपर्यंत आलं. पण मोजणी अजून चालू होती, म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.