मऊ वाळूत थांबायचं नसतं

डोनलची जीप वाळूच्या टेकड्यांकडे निघाली तेव्हा गंधारच्या अंगावर बनियन, थर्मल, आजीने विणलेला स्वेटर, वर फुगीर जॅकेट, खाली विजार आणि लोकरीचे पायमोजे, हातांत हातमोजे आणि डोक्यावर माकडटोपी एवढा सगळा संसार होता. पोर तीन वर्षांचं. त्या ढिगातून त्याचे डोळे आणि नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. रेवाने नावनच्या घरून येताना स्वतःच्या गाडीतली त्याची सीट बरोबर आणली होती आणि डोनल कमरेवर हात ठेवून बघत असताना ती मागच्या बाकावर आवळून बसवली होती. गंधारला तिच्यात बसवून जॅकेटवरूनच पट्टे लावले, ओढून पाहिले, परत ओढून पाहिले.

"झालं का गं?" पुढच्या सीटवरून उपेंद्रने विचारलं.

"झालं. हळू चालवायला सांग त्यांना."

"वाळूत हळू चालवत नाहीत, रेवा. ते आत्ताच सांगत होते ना."

डोनलने ते खरंच सांगितलं होतं. किनाऱ्याला लागून त्याची शेतजमीन होती, तिच्या कडेने मैलभर वाळूच्या टेकड्या पसरल्या होत्या, आणि मेंढ्या सांभाळून उरलेल्या वेळात तो लोकांना जीपमधून त्या टेकड्यांवर फिरवून आणायचा. फाटकापाशी उकिडवा बसून त्याने चारही चाकांतली हवा थोडी थोडी सोडली. टायर पसरला की वाळूत रुतत नाही म्हणाला. मग उठून हात झटकत त्याने एकच नियम सांगितला. मऊ वाळूत मी थांबणार नाही. फोटो, सू, काय असेल ते कडक जागेवर. मऊ वाळूत थांबलो की बसलोच.

ही सहल उपेंद्रच्या डोक्यातून निघाली होती. त्याच्या आईचा सहा महिन्यांचा मुक्काम संपत आला होता, आणि त्याच्या क्लोनडॉकिनच्या ऑफिसमधल्या अभिजितने या जीपचं फार कौतुक केलं होतं.

"वाळू पाहाले येवढ्या दूर?" सासूबाई सकाळी गाडीत बसता बसता म्हणाल्या होत्या. "आमच्या पूर्णेच्या पात्रात काय कमी हाय काय?"

"आई, तिथे जीपमधून फिरवतात का कोणी?"

"ट्रका फिरतात ना बाप्पा. रातभर."

त्या आता रेवाच्या शेजारी, गंधारच्या पलीकडे बसल्या होत्या. नऊवारी कधीच सुटली होती, पण पाचवारीवर मुलाचं जुनं जॅकेट आणि पायात पांढरे बूट हा वेश त्यांनी इथे येऊन मनापासून स्वीकारला होता. जीप पहिल्या उतारावर घसरली तशी त्यांनी पुढची दांडी धरली आणि हसल्या. उपेंद्र हसला. डोनलने आरशातून गंधारकडे पाहत विचारलं, "आणि युअर मॅन? तो ग्रँड आहे ना?"

रेवा हसली नाही. ती गंधारकडे बघत होती.

फेब्रुवारीपासून ती त्याच्याकडे अशीच बघायची. एका दुपारी सोफ्यावर खेळता खेळता त्याचे डोळे वर गेले होते, हातपाय ताठ झाले होते, ओठ निळे पडले होते. तापाचा झटका. अँब्युलन्स येईपर्यंत ती त्याला हाका मारत राहिली आणि त्याला एकही हाक पोचली नाही. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई मायाळू होत्या. म्हणाल्या, पुष्कळ मुलांना होतं, मोठं झाल्यावर थांबतं, मेंदूला काही इजा नाही, मात्र पुन्हा ताप आला तर पुन्हा होऊ शकतं. त्यातलं शेवटचं तेवढं रेवा घरी घेऊन आली. तेव्हापासून पर्समध्ये थर्मामीटर आणि तापाचं गुलाबी औषध असल्याशिवाय ती कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नसे. आज बाहेर ऊन होतं, पण समुद्रावरून येणारा वारा कान कापत होता. वाऱ्याने सर्दी, सर्दीने ताप, आणि तापाने काय होतं ते तिने पाहिलं होतं.

"टू हॉट, मॅमी," गंधार म्हणाला.

"हो राजा. पोचलोच हं."

पहिला थांबा समुद्राच्या बाजूला, गवताने धरून ठेवलेल्या एका सपाट माथ्यावर होता. उपेंद्र आणि डोनल उतरले. दार उघडताच वारा आत घुसला, आणि रेवाने ते लगेच ओढून घेतलं. खालचा किनारा चमकत होता, पाणी एखाद्या वासरासारखं हळूच पुढे येत होतं. तिने तिकडे एकदाच पाहिलं. गंधारचे गाल लाल झाले होते. तिने टोपीखाली हात घातला. कोमट. नाही, कोमटपेक्षा जास्त.

थर्मामीटर काखेत सरकवायला तिला जॅकेटची चेन, स्वेटरचा गळा, थर्मलचा गळा असं खोदत जावं लागलं. आकडा सदतीस पूर्णांक नऊवर थांबला.

"ताप हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"चढतोय वाटतं."

"चढू राह्यला असन तर झाक त्याले. चढताना थंडी वाजते लेकराले."

रेवाने गळे पुन्हा नीट केले, चेन वर ओढली, स्वतःची शाल काढून त्याच्या पायांवर गुंडाळली.

"टू हॉट," गंधार पुन्हा म्हणाला. आता थोडा कुरकुरत.

"हो ना रे, म्हणूनच औषध घ्यायचंय. आ कर बघू."

त्याने औषध घेतलं. काच ठोठावून तिने उपेंद्रला बोलावलं.

"परत जाऊया. त्याला ताप येतोय."

"किती आहे?"

"सदतीस नऊ."

"अगं, याला कुणी ताप म्हणतं का? कपड्यांनी झाला असेल."

"फेब्रुवारीतही तू आधी हेच म्हणाला होतास."

उपेंद्र डोनलकडे वळला. डोनलने खाली बोट दाखवलं. आलो ती वाट किनाऱ्याची होती आणि भरतीने ती घेतली होती. आता समोरची मोठी टेकडी चढून पलीकडे उतरायचं, तिथे पक्का रस्ता. फार लांब नाही. ही विल बी ग्रँड.

ग्रँड. म्हणजे सगळं ठीक. या देशात पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. रेवाने गंधारचा हात हातमोज्यासकट हातात धरला.

मोठी टेकडी खालून दिसत होती त्यापेक्षा मऊ निघाली. जीप गुरगुरत, डुलत, शेपूट हलवत वर जाऊ लागली. वारा पाठीमागून, इंजिनला हवा मिळेना. अर्ध्यात डोनलने समोरच्या काट्यावर टिचकी मारली, काहीतरी पुटपुटला आणि एक खटका पूर्ण ओढला. पायांशी गरम हवेचा लोट फुटला.

"हे काय?" रेवाने विचारलं.

"इंजिन तापलंय," उपेंद्र मागे वळून म्हणाला. "हीटर पूर्ण सोडला की इंजिनची उष्णता गाडीत येते, इंजिन वाचतं. खिडक्या उघडा म्हणतायत."

सासूबाईंनी आपल्या बाजूची काच थोडी सरकवली. वाळू आणि वारा एकदमच आत आले. रेवाने हात लांब करून ती बंद केली.

"त्याला वारा लागेल, आई."

"हो, बंदच कर."

इंजिनचा आवाज, चाकांखाली सरकणाऱ्या वाळूचा आवाज. रेवाच्या पाठीला घामाची धार लागली. तिने स्वतःच्या जॅकेटची चेन खाली ओढली आणि त्या हाताने नेहमीसारखी गंधारची हनुवटी वर केली.

हनुवटी वर झाली तशीच खाली पडली.

"गंधार?"

त्याच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. ओठ कोरडे. डोकं सीटच्या एका कडेला कलंडलेलं, जीप हलेल तसं हलत होतं.

"गंधार. बाळा, आईकडे बघ. गंधार."

हाक पोचत नव्हती. तीच दुपार, तोच सोफा. "थांबवा," ती म्हणाली. मग मोठ्याने, इंग्रजीत, "प्लीज, स्टॉप द कार."

"इथे नाही," डोनल पुढे बघतच म्हणाला. त्याच्या आवाजातली गंमत गेली होती. "इथे थांबलो तर संध्याकाळपर्यंत इथेच. कडक जागा वर आहे. मला वर जाऊ द्या."

"काय झालं?" उपेंद्र पट्ट्यात अडकून मागे वळू पाहत होता. "रेवा, काय झालं त्याला?"

ती झटका शोधत होती. ताठ हात, ताठ पाय, निळे ओठ. हात ताठ नव्हते, ओल्या फडक्यासारखे मऊ होते. तिने हातमोजा ओढला. तळवा ओला आणि गरम. ताप चढताना याचे हात नेहमी बर्फ व्हायचे, फेब्रुवारीतही झाले होते. तिने स्वेटरच्या गळ्यातून हात आत घातला, आणि हात पार भिजला. थर्मल पिळून काढावा इतका घाम. टू हॉट, मॅमी. दोनदा सांगितलं होतं त्याने, आणि दोन्ही वेळा तिने त्याला हो म्हटलं होतं.

"आई, काच उघडा. पूर्ण."

"अवं पण ताप..."

"ताप नाहीये. मीच उकडलंय त्याला. उघडा."

तिने टोपी उपटली. शाल पायांखाली टाकली. जॅकेटची चेन छातीपर्यंत आली आणि पट्ट्यापाशी अडली. पट्टे जॅकेटवरून, तिनेच लावलेले, तिनेच ओढून पाहिलेले. ते सोडल्याशिवाय एक कपडा निघणार नव्हता.

"रेवा, बेल्ट सोडू नकोस हं," उपेंद्र ओरडला. "गाडी उलटली बिलटली तर..."

तिलाही तेच दिसत होतं. जीप कलंडलेली, मूल काचेवर. हे सगळं घडायच्या आधी बघून ठेवायची तिला सवयच होती, पण आज पट्टा सोडला तरी आणि नाही सोडला तरी वाईटच दिसत होतं. तिने आधी स्वतःचा पट्टा सोडला, गुडघा बाकावर रोवला, आणि लाल बटण दाबलं.

त्याच क्षणी चाक कशावरून तरी उडालं. ती मागे फेकली जाणार तोच तिच्या जीन्सच्या पट्ट्यात कुणाची तरी बोटं घट्ट रुतली. सासूबाईंनी एक बूट पुढच्या सीटला लावला होता, एका हाताने दांडी धरली होती, आणि दुसऱ्या हाताने सुनेला.

"धरलं मी तुले," त्या म्हणाल्या. "काढ."

तिने जॅकेट काढलं. स्वेटर डोक्यावरून ओढताना त्याचा कान दुमडला, तो कण्हला, आणि त्या कण्हण्यावर तिचा विश्वास बसेना म्हणून ती क्षणभर थांबली. मग थर्मल. मग खालचं सगळं. वाळूमिश्रित वारा उघड्या काचेतून सपासप त्याच्या अंगावर येत होता, आणि ती त्याला दोन्ही हातांनी सीटशी दाबून, स्वतःच्या पाठीने सगळे धक्के घेत उभी होती, अर्धी वाकून, तोंडाने काहीतरी म्हणत. काय ते तिला नंतर आठवलं नाही.

जीप माथ्यावर चढली आणि थांबली. डोनलने इंजिन बंद केलं. उपेंद्रने धावत येऊन दार उघडलं.

गंधारला खाली उतरवलं तर तो तिच्या बुटांवर ओकला. सकाळचं केळं, गुलाबी औषध, सगळं. मग त्याने श्वास घेतला आणि असं काही भोकाड पसरलं की खालच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. रेवा वाळूत बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. रडतोय. ओळखून रडतोय, तिच्याकडेच हात करून. उपेंद्रने बाटलीतलं पाणी त्याला घोट घोट पाजलं, उरलेलं त्याच्या मानेवर लावलं.

"मी काच उघडायला सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"सांगितलंस की. मीच बंद केली."

डोनल टोपी हातात घेऊन थोडा लांब उभा होता. आता तो ग्रँड म्हणाला नाही. इंजिन निवलं की खाली नेतो म्हणाला, उतार आहे, हीटर लागणार नाही.

"तुम्ही गाडी न्या," रेवाने सांगितलं. "आम्ही चालत येतो."

पलीकडचा उतार लांबट होता, खाली काळा रस्ता दिसत होता. गंधार बनियन आणि चड्डीवर, अनवाणी, एक हात तिच्या हातात. रडणं थांबलं होतं. पाय वाळूत पोटऱ्यांपर्यंत बुडत होते आणि ते त्याला आवडायला लागलं होतं. सासूबाई साडी वर खोचून मागून येत होत्या, काखेत त्याच्या कपड्यांचं बोचकं.

"आता वारं लय हाय वं," त्या म्हणाल्या. "जॅकेट तरी घाल त्याले. घाम सुकला."

रेवाचा हात बोचक्याकडे गेलाच. त्याच्या दंडावर काटा आला होता, तिला इथूनही दिसत होता. थंडीचा की तापाचा? मघाशी अंग खरंच तापानेच गरम असेल तर? आत्ता गार वाटतंय ते औषधाने असेल तर? डोक्यातलं ते चक्र थांबलं नव्हतं, आणि थांबेल असं तिला वाटतही नव्हतं. तिने जॅकेट ओढून काढलं, आणि ते हातात धरून त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"थंडी वाजतेय का रे तुला?"

गंधार विचारात पडला. हा प्रश्न त्याला नवा होता. तो स्वतःच्या पोटाकडे बघत राहिला, मग पायांकडे. रेवाने जॅकेट मांडीवर ठेवलं. वारा तिच्या कानात शिरत होता.

"जस्ट मी लेग्ज," तो शेवटी म्हणाला, पाळणाघरातल्या इथल्या पोरांसारखं, 'माय'चं 'मी' करत.

तिने बोचक्यातून विजार काढली, त्याच्या पायांची वाळू झटकली आणि तेवढीच घातली.