सासऱ्यांचं मरण आणि कॅश

सासरे दर शनिवारी मरायचे, पण अंधार काही वेळेवर व्हायचा नाही, हे सूनबाईचं दुखणं होतं. नाटक हौशी मंडळींचं. सासरे त्यात मुलाची वाट बघत प्राण सोडणारे म्हातारे वडील, आणि सूनबाई प्रेक्षकांच्या मागच्या खोलीत काचेआड संगणकावर दिवे सांभाळणारी. वडील गेले की काळोख, एवढंच काम. पण बटण दाबलं की संगणक विचारात पडायचा. मागच्या खेळात तर मेलेले सासरे भर उजेडात सणसणीत शिंकले आणि लोक पोट धरधरून हसले.

"पुढच्या खेपेला त्या प्रसंगात कोणी हसलं, तर दिव्यांना दुसरं माणूस बघतो," दिग्दर्शकानं बजावलं.

तिच्या जिव्हारी लागलं. अभिनयाचा तिला गंध नव्हता. नाटकात तिचं असं काही होतं, तर तो काळोख. ती पदर खोचून संगणकाच्या मागे लागली. शेवटी चोर सापडला. प्रत्येक बटणाला सिस्टीमच्या त्याच त्या फायली लागत, आणि संगणक त्या दर वेळी जुन्या, रखडत फिरणाऱ्या डिस्कवरून नव्यानं शोधून आणत होता.

"म्हणजे मीठ माळ्यावर ठेवायचं आणि भाजी शिजताना शिडी शोधायची!" ती करवादली. मेमरीत जागा रिकामी पडली होती. सतत लागणाऱ्या फायली सुरुवातीलाच तिथे येऊन बसतील, अशी तिनं सोय केली.

"कॅश वाढवली," तिनं दिग्दर्शकाला सांगितलं.

त्याचा हात आपसूक खिशावर गेला. "माझ्याकडे दमडी नाहीये हं!"

"अहो, ती कॅश नाही! लागणाऱ्या फायली हाताशी ठेवायची जागा. दाबून तर बघा."

त्यानं दाबलं. बोट उचलायच्या आत गुडुप अंधार झाला आणि खुर्चीवर नडगी आपटून तो कळवळला. सूनबाई खूश.

खेळ रंगला. शेवटी सासऱ्यांचा हात छातीवर गेला आणि तिचं बोट बटणावर. इथेच घात झाला. संगणकाच्या आळसाचा अंदाज घेऊन इतके दिवस ती बटण आधीच दाबायची. संगणक सुधारला, बोट कुठे सुधारलं होतं? रंगमंच काळाठिक्कर! सासऱ्यांचं अजून झोकांड्या खाणं, टेबल धरणं, कोसळणं आणि शेवटचं वाक्य, सगळंच बाकी होतं.

दिवा परत लावायला तिनं हात पुढे केला, तेवढ्यात अंधारातून सासऱ्यांचा आवाज आला. एरवी ते वाक्य गर्जत म्हणायचे. आज बावरून, अगदी हळू म्हणाले, "दार लावू नका… तो येईल."

कोणी हसलं नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. कुठेतरी एक हुंदका फुटला. सूनबाईनं हात मागे घेतला. तिचेही डोळे भरून आले होते.

पडदा पडल्यावर सासरे तरातरा मागच्या खोलीत आले. "सूनबाई, सासऱ्याला मारायची एवढी घाई? माझं पडणं कोणाला दिसलंच नाही!"

"चुकले, बाबा. पुढच्या शनिवारी तुम्ही पडल्यावरच दाबते."

दाराबाहेर दिग्दर्शक डोळे पुसत नाक शिंकरत होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि आवाज खाली आणत म्हणाले, "नको गं. आजच्यासारखंच मार."