अठ्ठ्याऐंशी नंबरची गाडी

तंबाखूचा रिकामा डबा बोलू लागला म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. माझ्यातला तंबाखू संपून सत्तरहून अधिक वर्षे झाली. माझे खरे आयुष्य त्यानंतरच सुरू झाले.

नेब्रास्कातल्या हॅझलिट गावच्या स्टेशनमास्तराने मला विकत घेतले होते. ओटाकर कुबिक त्याचे नाव. तिकिटे तोच देई, दुधाचे कॅन तोच चढवी आणि तारा घेणारा-पाठवणाराही तोच. तंबाखू संपल्यावर त्याने मला फेकले नाही. तार येताना कटकट वाजणारे एक छोटे पितळी यंत्र टेबलावर होते, त्याच्या पाठीमागे त्याने मला घट्ट बसवले. त्या मार्गावरचे सगळे तारवाले असेच करत. यंत्राची बारीक कटकट माझ्या पत्र्यातून दुप्पट मोठी होऊन निघे, आणि बाहेर वारा कितीही घोंघावत असला तरी ओटाकरला फलाटावर ऐकू जाई.

“ओटाकर, तुझा डबा आहे की चर्चची घंटा? मैलभरावरून ऐकू येतो!” असे एकदा एक गार्ड म्हणाला होता. ते कौतुक मी अजून विसरलेलो नाही.

आता ओटाकरविषयी. तो तोंडाने घुम्या होता आणि बोटांनी बडबड्या. समोर उभ्या माणसाला ‘हं’ आणि ‘नाही’ याच्या पलीकडे काही मिळत नसे. पण तारेवर बसला की शेजारच्या स्टेशनातल्या लॅड हर्बेकशी तासन्‌तास गप्पा. हवामान, गाई, कोणाच्या बायकोचे खसखशीचे कोलाचे पाव करपले, सगळे काही. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते.

त्याची बायको लवकर वारली. एकच मुलगी, लिबी. ती शाळेत निघाली की हा दाराच्या चौकटीवर बोटाने ठोके मारी. एक सावकाश, चार झटपट. पुन्हा एक सावकाश, चार झटपट. तोंडाने अवाक्षर नाही. “पप्पा, ती खोड सोडा ना, डोकं उठतं माझं,” असे लिबी म्हणायची आणि वेणी उडवत निघून जायची.

१९५१ मध्ये ती नर्सिंग शिकायला ओमाहाला गेली. मग दर शनिवारी तिच्या नावाने तार जाऊ लागली. पाठवतानाही आमचे यंत्र वाजत असे, त्यामुळे प्रत्येक तार माझ्या अंगातून गेली आहे. ‘बर्फ सहा इंच. तांबडी गाय व्याली. ८८.’ ‘पाऊस नाही. मका बरा. ८८.’ शेवटी नेहमी ८८.

त्या वर्षीच्या नाताळाआधी तार गेली : ‘बर्फ नऊ इंच. रूळ मोकळे. ८८.’ चार दिवसांनी लिबीचे पत्र आले. ते वाचून ओटाकरने घडी घालून खिशात ठेवले. नंतर तारेवर लॅडशी काहीतरी बोलला. नाताळात लिबी आली नाही. फेब्रुवारीत फलाटावर बर्फ ओढता ओढता ओटाकर छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. लिबी आली ती मातीला. ती रडली नाही. मलाही काही वाटले नाही. पत्र्याला काय वाटणार, असे मी स्वतःला सांगितले.

पुढे तारेच्या जागी टेलिफोन आला. पितळी यंत्र माळ्यावर गेले आणि माझ्यात खिळे भरले गेले. पाठीशी यंत्र नसेल तर मी नुसता डबा. गाड्या थांबेनाशा झाल्या, मग स्टेशनला कुलूप लागले. किती वर्षे गेली ते मी मोजले नाही. बधिर झालो होतो, मित्रांनो. दुःख झाले असते तर निदान दिवस वेगवेगळे वाटले असते.

गावाला सव्वाशे वर्षे होणार म्हणून कुलूप निघाले. स्टेशनचा इतिहास लिहायचे ठरले आणि ते काम लिबीच्या गळ्यात पडले. ती आता पंच्याहत्तर वर्षांची, निवृत्त नर्स होती. रोज दुपारी येई, जुनी वेळापत्रके धुंडाळी, वहीत टिपणे काढी. दुधाचे कॅन, धान्याच्या वाघिणी, सैनिकांच्या गाड्या, सगळे लिहून झाले. एकच पान कोरे राहिले. बापाचे.

समितीतली तिची मैत्रीण ब्लांच विचारायला आली. “लिबी, अगं छापखानावाला माझ्या जिवावर उठलाय. वडिलांचं पान कुठाय?”

“काय लिहू? जन्मभर हवामान कळवलं, असं लिहू?”

“काहीतरी आठवत असेल की!”

“आठवतं ना. काही वाटत मात्र नाही. मातीला उभी होते तेव्हाही वाटलं नव्हतं.” लिबीने जुन्या तारांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “ही अठ्ठ्याऐंशी नंबरची गाडी बघ. दर तारेत तीच. मला वाटलं, हिने घरी ये म्हणतायत. नाताळाला यायचं म्हणून ओमाहाच्या खिडकीवर तिकीट मागायला गेले तर बाबू हसला. अशी गाडीच नाही म्हणाला. मी पप्पांना तसं फणकारून लिहिलं आणि गेलेच नाही. आता तीन महिने वेळापत्रकं चाळतेय. कुठेच नाही गं ती गाडी.”

ब्लांचने डोके चालवले. लॅड हर्बेक एक्याण्णव वर्षांचा झाला होता, पण हयात होता. पुढच्या मंगळवारी त्याचा नातू त्याला घेऊन आला. लॅडने आधी दोन जर्दाळूचे कोलाचे संपवले, मग चष्मा लावून तारा वाचल्या आणि खो खो हसत सुटला.

“गाडी? पोरी, ही गाडी नव्हे! तारवाल्यांची भाषा आहे. त्र्याहत्तर म्हणजे नमस्कार, तो कोणालाही. अठ्ठ्याऐंशी म्हणजे...” इथे त्याचे हसू थांबले. “म्हणजे माया. पापे. बायकापोरांनाच पाठवायचं ते.”

लिबीने वरची तार उचलून पुन्हा वाचली.

“तुझं पत्र आलं तेव्हा मी तारेवर त्याला म्हणालो, मठ्ठा, सांगून टाक की पोरीला! तर म्हणाला, आल्यावर सांगतो. तोंडाने सांगेन म्हणाला. आठ दिवस सराव करत होता बिचारा.”

ते खरे आहे. मी ऐकला आहे तो सराव. रिकाम्या खोलीत तो मला उद्देशून बोलायचा आणि अर्ध्यावर अडखळायचा.

लॅडची नजर माझ्यावर पडली. “अरे, हाच तो डबा असणार! गार्ड लोक याच्या आवाजाचं कौतुक आमच्याकडे येऊन सांगायचे.” त्याने खिळे ओतून मला रिकामे केले, पालथे घातले आणि “आमच्या भाषेत आठ असा,” म्हणत पेन्सिलीने दोनदा वाजवले. एक सावकाश, चार झटपट. एक सावकाश, चार झटपट.

लिबी वळली ती थेट दाराच्या चौकटीकडे. तिथे बोटाच्या उंचीवर रंग उडून लाकूड उघडे पडले होते. त्यावर तिने हात ठेवला.

“रोज,” ती म्हणाली. “शाळेत जाताना रोज. आणि मी म्हणायचे, डोकं उठतं.”

मग ती रडली. सत्तावन्न वर्षांचे एकदम रडली. ब्लांच पाठीवर हात फिरवत राहिली.

डोळे पुसून लिबीने विचारले, “याला उत्तर काय देतात?”

“तेच. अठ्ठ्याऐंशी.”

तिने पेन्सिल घेतली. पहिल्यांदा चुकली, तीनच ठोके पडले. “चार, पोरी, चार,” लॅड म्हणाला. दुसऱ्यांदा बरोबर वाजले. माझा पत्रा गंजला आहे, आवाज काही पूर्वीसारखा निघाला नाही. पण मला वाटले, मित्रांनो. खूप काही वाटले.

पुस्तिकेतल्या त्या पानाचे पहिले वाक्य असे आहे : ‘हॅझलिट स्टेशनात अठ्ठ्याऐंशी नंबरची गाडी कधीच नव्हती. ती माझे वडील दर शनिवारी सोडत.’

मी आता काचेच्या कपाटात आहे, पितळी यंत्राच्या पाठीशी, माझ्या जागेवर. तुमच्याकडून एवढेच हवे आहे. जुना डबा फेकण्याआधी त्यावर एक टिचकी मारून पाहा. आणि घरातला घुम्या माणूस चौकटीवर काही वाजवत असेल, तर डोके उठते म्हणू नका. काय वाजवताय ते विचारा, तो दारात उभा आहे तोवर.