शेऱ्याचा रकाना

“मुलगी बाळंत झाली म्हणून तिकडे गेल्यात. महिनाअखेर परत येतील,” पडद्यावरचं इंग्रजी वाचून शैलाने मराठीत सांगितलं. “शेजारणीने लिहिलंय बघा, पाकिटाच्या कोपऱ्यात.”

व्यंकटसर खुर्चीमागून वाकले. “अमेरिकेंत पण आई जाते काय बाळंतपणास? बरं आहे की! लिहा अक्का, सगळं लिहा.”

पाकीट एस्टेल बून नावाच्या बाईंचं होतं. तिकडच्या एका पक्षाने मतदारांना पत्रं धाडली होती. जी परत आली त्या पाकिटांचे फोटो तमिळ मुलखातल्या सिरुसेरीच्या रस्त्यावरच्या या लहानशा ऑफिसात येत, आणि शैला नाव-पत्ता टाइप करी. “ह्यांस परत पत्र जाणार,” असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग तिनेच सुचवलं, शेऱ्याचा एक रकाना ठेवू या का? कुणी इस्पितळात असतं, कुणी फौजेत. तसं लिहिलं तर पत्र नेमकं पोचेल.

सरांनी रकाना घातला. “आपली माणसं अशी, मन लावून करतात,” ते म्हणाले होते.

त्यांची मराठी तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळमध्ये मुरलेली. शैलाची दोन वर्षांची मुलगी तनया सांभाळणाऱ्या बाईंशी तमिळच बोलू लागली होती, आणि नवरा पुष्कर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून दमून येई तो जेवून आडवाच होई. दिवसभरात शैलाच्या कानावर मराठी पडे ती सरांची. ते ‘अक्का’ म्हणाले की तिला माहेरचं कुणी भेटायला आल्यासारखं वाटे.

ऑक्टोबरच्या शेवटी पक्षाकडून निरोप आला. पाठवलेली यादी मतदान केंद्रांप्रमाणे लावून द्या. शैलाने ती उघडली. चार हजार नावं, आणि तिच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शेरा: राहत नाही.

एस्टेल बून. राहत नाही.

सर दहीभात खात होते.

“सर, माझे शेरे कुठे गेले?”

“लांब झाले ते, अक्का. त्यांस तेवढंच पाहिजे.”

“पण राहतात की त्या! आणि पत्र पाठवायला मतदान केंद्र कशाला लागतं?”

सरांनी डबा झाकला. “पत्र कुठलं! त्या दिवशी पक्षाची माणसं यादी घेऊन केंद्रांत बसतील. हे बाई आली की म्हणतील, ही इथं राहत नाही.”

“मग?”

“मग कागद दाखव म्हणतील. रांग थांबते. थोडे जण भांडतात, थोडे घरी जातात. हे लोक ह्या पक्षास ओटु देणारे नव्हेत, म्हणून सगळं.”

“तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, “तुमास सांगितलं असतं, तर तुमी इतकं बरं केलं असतं काय?”

“मी आज बसून सगळे शेरे परत घालते. दुसरी यादी पाठवा.”

“गेली ती. त्यावरच पुढचं काम मिळालं आपणास. आणि तिकडचा ओटु आपला नव्हे की, अक्का.”

तिने एका कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. बूनबाई, मताला जाताना घराचे कागद जवळ ठेवा. तुम्हाला अडवतील. पोस्टातल्या माणसाने पत्ता पाहून सांगितलं, दहा दिवस तरी धरा. मतदान मंगळवारी होतं. तिने तिकीट चिकटवलं आणि पाकीट पेटीत टाकलं.

बुधवारी सकाळी रिसेप्शनच्या टीव्हीवर तिकडची मोजणी चालली होती. नव्या फोटोंचा गठ्ठा आला होता. सर नेहमीसारखे टेबलाशी येऊन थांबले.

“काय अक्का, नाश्ता झाला काय?”

“आच्चु, सर,” झाला, एवढंच शैलाने तमिळमध्ये उत्तर दिलं.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. आणखी काही विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण कुठल्या भाषेत विचारावं ते त्यांना कळेना. ते पुढच्या टेबलाकडे वळले.